नर्मदेची लढाई आणि देवगिरीचा वेढा

अंबाजोगाई या तालुक्याच्या गावी शके 1162 चा, म्हणजे इ.स. 1240 चा शिलालेख सापडला असून, यादव राजा दुसरा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याची हकीकत त्यात येते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी लढताना पडला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. बहिणीने भावाचा पराक्रम कोरून ठेवावा यात वावगे काही नाही. परंतु त्या लढाईत चालून गेलेले सैन्य यादवांचे होते.

सिंघणाच्या आधीच्या एका स्वारीचे वर्णन गुजरातच्या वाघेल्यांचा राजपुरोहित सोमेश्वर याने ‘कीर्तिकौमुदी’ या संस्कृत काव्यात केले आहे. दक्षिणेचे सैन्य येत असल्याची वार्ता पसरताच लोकांनी नवी घरे बांधणे थांबवले, धान्य साठवणे सोडले आणि जो तो गाड्या जमवण्याच्या मागे लागला. सैन्य कोठवर आले, हे जळत्या गावांच्या धुरावरून कळत असे. कवी दरबारी असल्याने अतिशयोक्ती गृहीत धरावी लागते. गाड्यांचा तपशील मात्र दरबारी नाही, तो पळणाऱ्या माणसांचा आहे.

1296 मध्ये अलाउद्दीन खलजी काही हजार घोडदळानिशी एलिचपूरमार्गे देवगिरीवर आला, तेव्हा रामदेवरायाचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. घाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, आणि परतलेल्या शंकरदेवाची सरशी होत असता नुसरतखानाची तुकडी धूळ उडवीत येताच, तीच दिल्लीची मोठी फौज समजून यादवसैन्य फुटले, असे फिरिश्ता सांगतो. हा इतिहासकार तीनशे वर्षांनंतरचा असल्यामुळे मिठाची गोष्ट जपूनच घ्यावी. या पराभवाचे खापर पुष्कळदा यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रतवैकल्यांवर फोडले जाते, पण ते पटण्याजोगे नाही. गुजरात, माळवा, काकतीय आणि होयसळ यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या राज्याला लढाईचे वावडे नव्हते. त्याची नजर शेजाऱ्यांच्या सीमांवरच खिळली होती आणि उत्तरेकडील बदलाची दखल त्याने वेळेवर घेतली नाही.

1308 च्या सुमारास दिल्लीचे मांडलिकत्व पत्करलेल्या याच रामदेवरायाने 1310-11 मध्ये मलिक काफूरला होयसळांवरील स्वारीसाठी मदत केली. म्हणजे सिंघणाच्या काळापासून चालत आलेले शेजाऱ्यांशी वैर, स्वतःचे राज्य परक्याच्या अंकित झाल्यावरही, सुटले नव्हते.