समीकरणाला आधी कसे कळले?

फेब्रुवारी १९१७. बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आपल्याच समीकरणाला वेसण घातली. सव्वा वर्षापूर्वी पूर्ण केलेला व्यापक सापेक्षता सिद्धान्त त्यांनी अख्ख्या विश्वाला लावून पाहिला, तर विश्व एका जागी ठरेना. विश्व स्थिर आहे असेच तेव्हा सगळे धरून चालत. म्हणून त्यांनी समीकरणात एक जादा पद घातले, त्याला लॅम्डा हे ग्रीक अक्षर दिले आणि विश्व थांबवले.

समीकरण मात्र थांबले नाही. १९२२ साली पेत्रोग्राडच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी त्यातून फुगणारी आणि आक्रसणारी विश्वे काढून दाखवली. तीन वर्षांनी ते वारले, तेव्हा अवघे ३७ वर्षांचे होते. १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले आणि त्यांनी गणिताला दीर्घिकांच्या वेगांची जोड दिली. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये गाठ पडली, तेव्हा आइन्स्टाइन यांना त्यांच्या गणितात चूक दिसली नाही. त्यातले भौतिकशास्त्र मात्र त्यांनी साफ झिडकारले. १९२९ साली एडविन हबल यांची निरीक्षणे आली: दीर्घिका जितकी लांब, तितक्या वेगाने ती दूर जाते.

लिहिणाऱ्याला नको असलेले सत्य त्याच्याच समीकरणात आले कुठून?

गणित माणसाच्या आधीपासून आहे, आपण ते फक्त शोधतो, असे प्लेटोच्या परंपरेतले लोक म्हणतात. त्यांच्या बाजूने मोठा पुरावा आहे. वक्र अवकाशाची भूमिती बर्नहार्ड रीमान यांनी १८५४ मध्ये गटिंगेनला मांडली, तेव्हा गुरुत्वाकर्षणासाठी तिचा असा उपयोग होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. सुमारे साठ वर्षांनी आइन्स्टाइन यांचे वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमन यांनी ती त्यांच्या हाती आणून दिली. ती जणू तयारच होती.

गणित माणसानेच घडवले असे मानणाऱ्यांचे यावर उत्तर असे की बुद्धिबळाचे नियमही माणसानेच केले, तरी पटावर कोणती चाल निघेल हे नियम करणाऱ्याला ठाऊक नसते. हे खरे आहे. पण बुद्धिबळाचा पट दीर्घिकांबद्दल काही सांगत नाही.

तरीही नुसत्या नेटक्या गणिताने विश्व बांधले जात नाही, आणि याची साक्ष मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. बाँडी, गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचे विश्व मांडले. त्यांचे गणितही चोख होते. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी महास्फोटाला, म्हणजे विश्वाला स्फोटक आरंभ होता या सिद्धान्ताला, पर्याय शोधण्यात अनेक दशके घातली आणि त्याच निष्ठेने मराठीत विज्ञान लिहिले. पण १९६५ साली न्यू जर्सीतून निराळी बातमी आली. पेन्झियास आणि विल्सन यांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात सतत खरखर येत होती. आत बसलेली कबुतरे हुसकली, त्यांची घाण खरवडून काढली, तरी ती जाईना. आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणारे ते प्रारण होते, महास्फोटातून उरलेले. दोन्ही बाजूंचे गणित शुद्ध होते; निवाडा आकाशाने केला.

सुलभ विज्ञानाच्या पुस्तकांतून समीकरणे गाळली जातात. स्टीफन हॉकिंग यांनी १९८८ च्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'मध्ये एकच ठेवले. वाचकाची सोय होते, पण समीकरणांबरोबर त्यांच्याविषयीचे हे आश्चर्यही गळून पडते. ते वाचकापर्यंत पोहोचायलाच हवे.

मात्र त्या आश्चर्याला उत्तर चिकटवण्याची घाई नडते, हे लमेत्र जाणून होते. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेर आहे, अशी त्यांची धारणा होती. श्रद्धाळूला आणि नास्तिकाला तो सारखाच खुला राहावा, असे त्यांना वाटे. जून १९६६ मध्ये ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एका सहकाऱ्याने त्यांना त्या प्रारणाच्या शोधाची बातमी सांगितली. थोड्याच दिवसांनी, २० जूनला ते गेले.