बाळाचे प्रारब्ध कोणी वाचावे ?

दूध पिताना बाळ मध्येच थांबते, कपाळावर घाम येतो, श्वास जलद चालतो, वजन वाढत नाही. तपासणीत कळते की, हृदयाचा स्नायू दुर्बल होऊन हृदय फुगले आहे. अशा वेळी घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती म्हणते, ‘‘त्याचे प्रारब्धच तसे. एवढ्याशा जिवाला सुया कशाला टोचायच्या ?’’ त्यात माया असते, हे खरे. पण त्या जिवाचे प्रारब्ध आपल्याला कळले आहे, असेही त्यात गृहीत धरलेले असते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. प्रत्येकाचे आयुष्य आधीच ठरलेले असते, तर औषधोपचारांना अर्थच उरला नसता, असा तेथील युक्तीवाद आहे. मोठ्या माणसाचा पुरुषकार त्याच्या हाती असतो. तान्ह्या बाळाचा मात्र आई-वडील आणि वैद्य यांच्याकडे ठेव म्हणून असतो.

शिवाय या आजाराची कारणे निरनिराळी असतात. काही बाळांचे हृदय ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या तीव्र कमतरतेने दुर्बल होते. ती भरून काढल्यावर ते बहुधा सावरते. काहींची हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतःच चुकीच्या जागी जोडलेली असते. ती शस्त्रक्रियेने योग्य जागी जोडता येते. ‘प्रारब्ध’ म्हणून सोडून दिलेल्यांत अशी बाळेही असतील !

इतरांना लघवी वाढवणारी आणि हृदयावरचा भार हलका करणारी औषधे देतात. जर्मनीतील गीसेन येथील तज्ञांनी आणखी एक मार्ग वापरला. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीभोवती पट्टी बांधून ती थोडी अरुंद करायची. हृदयाची उजवी बाजू सशक्त असेल, तर तिचा दाब वाढून मधला पडदा डावीकडे सरकतो आणि फुगलेल्या डाव्या कप्प्याचा आकार सुधारतो. त्यामुळे काही बाळांना हृदयप्रत्यारोपणाची आवश्यकता उरली नाही. सर्वांना हे लागू पडत नाही.

कधी सर्व उपाय थकतात. तेव्हा यंत्रे चालू ठेवावीत का, हा प्रश्न प्रारब्धाचा नसून बाळाला होणाऱ्या यातनांचा आहे. तो डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच सोडवावा. नातेवाइकांच्या मतांची तेथे गर्दी नको. यंत्रे काढली, तरी धाप आणि वेदना शमवणारे औषध चालूच ठेवायचे असते, आणि बाळाला आईच्या कुशीत देता येते.