वैजनाथा, एवढं कर

परळीच्या वैजनाथा, समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी तुझ्या लिंगात लपवले, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणून हे मागणं तुझ्याच दारी आणलं.

साखर कारखान्याला निघालेल्या ऊसतोड टोळीतल्या बाईला सातव्या महिन्यातच कळा येतात. लेकरू किलोभराचं. त्याला चोखायचं बळ नाही, कोवळ्या आतड्याला पुरेसं दूध पेलत नाही. मग शिरेतून साखर, प्रथिनं आणि ती दुधासारखी पांढरी चरबी जाते. ते सोयाबीनचं तेल आहे देवा. केज-अंबाजोगाईच्या रानात ज्याचा पेरा होतो, तेच पीक. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून थोडक्या थेंबांत लेकराचं भागतं. मेंदूच्या वाढीला लागणारी स्निग्धाम्लंही त्यातूनच मिळतात.

तेल पाण्यात मिळून राहावं म्हणून त्यात अंड्याच्या बलकातला अंश असतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजीला हे सांगायलाच हवं. सांगताना माझ्या आवाजात घाई नको, आणि ऐकताना तिला पाप लागल्यासारखं वाटू नये.

स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे सोयाबीन तेलाचं औषध जमवलं. त्यांना तुझ्या पायाशी ठाव दे. त्याआधी अमेरिकेत सरकीच्या तेलाचं असंच औषध निघालं होतं. त्यानं ताप भरायचा, यकृत बिघडायचं, शेवटी ते बंद करावं लागलं. ज्या आजाऱ्यांनी ते अंगावर सोसलं, त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. तू त्यांना विसरू नकोस.

माझे हात स्वच्छ राहू देत, कारण शिरेतल्या नळीवाटे जंतू थेट रक्तात शिरतात. पिशवीतलं तेल फुटून वेगळं झालं असेल, तर ते लावण्याआधी माझ्या नजरेला पडू दे. पंपाचा आकडा चुकू नये. रक्तात चरबी साचू नये, यकृताला इजा होऊ नये. ज्या मोठ्या माणसांचं आतडंच काढावं लागलं, त्यांनाही ही पिशवी परवडू दे.

आणि त्या आईला पान्हा फुटू दे. चिकाचे चार थेंब निघाले तरी नळीनं लेकराच्या पोटात जाऊ देत. नवऱ्यानं घेतलेली उचल फिटायची आहे, मुकादमाचे फोन येतात. त्याच्या मनात दया घाल. लेकरू अंगावर प्यायला लागेपर्यंत तिला कुणी फडात बोलावू नये.