आधी कोण?

समजा, देवळीतलं एक शेत एकाच दिवशी दोघांना विकलं गेलं. तलाठ्याकडे फेरफाराची एकच वही असे, तेव्हा एकाची नोंद चालू असताना दुसऱ्याला थांबावंच लागे. डेटाबेसच्या प्रती दोन शहरांत ठेवल्या की ही सोय जाते. ‘गट मोकळा आहे का?’ दोन्ही प्रती ‘हो’ म्हणतात, आणि एकीनं लावलेलं कुलूप दुसरीला कळेपर्यंत दोन्ही नोंदी पडलेल्या असतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

दुरुस्ती तशी साधी. कुलूप एकाच प्रतीकडे मागायचं, दुसरीची पोच आल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. मधली लाइन तुटली तर दोघांनाही थांबवायचं. लोक चिडतात, चिडू देत.

पण ‘आधी’ ठरवलं कुणी? लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ मध्येच दाखवलं, की एकमेकींपर्यंत निरोप न पोचलेल्या दोन घटनांचा क्रम आपणच लावतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ४७ तर दस्त सहसा करून दिल्यापासून लागू धरतं, नोंदणीपासून नव्हे. म्हणजे रांगेत मागे राहिलेलाच खरा मालक असू शकतो. माझं कुलूप सातबारावर दोन मालक चढू देत नाही, एवढंच. म्हणून नाकारलेल्या अर्जाची वेळही मी पुसत नाही. कोर्टात ती लागेल.