वळसा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पुळणीलगतची सुरूची झाडं मुळांसकट उपटली गेली. वाड्यांचे पंचनामे झाले. पुळणीचा पंचनामा कोण करणार?

वादळी लाटा किनाऱ्यालगतच्या टेकड्यांची वाळू ओढून नेतात. ती उथळ पाण्यात जाऊन साठते. मग लाटा तिथेच फुटतात आणि मागच्या वाड्यांना बसणारा मार कमी होतो. पावसाळा सरून समुद्र शांत झाला, की त्याच लाटा ती वाळू थोडी थोडी करून परत आणून टाकतात. सगळीच नाही, पण बरीचशी. वारा कोरडी वाळू आत लोटतो. तिथे तिला अडवायला मर्यादवेल असते. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळट फुलं, पेऱ्यापेऱ्याला मुळं. अंगावर वाळू साचली की ही वेल तिच्यावर चढून पुन्हा पसरते. अशी वर्षानुवर्षं टेकडी उभी राहते. खाऱ्या वाऱ्याला, उन्हाला ही वेल दाद देत नाही. माणसांचे पाय आणि गाड्यांची चाकं मात्र तिला सोसत नाहीत. म्हणून किनारा सावरायला घेतला, की लागवडीइतकंच महत्त्वाचं काम असतं दोरी बांधायचं. जायला-यायला एक वाट ठेवायची, बाकी जागेवर कुणी पाय द्यायचा नाही.

मला ही दोरी फार आवडते. माणसांभोवतीही कधी कधी ती लागते. घरात कुणी दुखण्यातून उठलेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. आपण रोज मायेनेच विचारतो, ‘आता बरं वाटतंय ना?’ ‘कुठून फोन आला का?’ शेजारी विचारतात, मावशी फोन करून विचारते. सगळ्यांचे पाय त्याच जागेवर पडतात. वळसा घालायचा म्हणजे त्या माणसाला टाकून द्यायचं नव्हे. दोरीवरसुद्धा कुणीतरी लक्ष ठेवावंच लागतं. शेजारी बसावं, चहा पुढे करावा, आंब्याच्या मोहराबद्दल बोलावं. सांगायचं असेल ते तो सांगेल.

आज असं कुणी भेटलं, तर तेवढा एक प्रश्न विचारू नका. आणि सुट्टीत दिवेआगरला गेलात, तर गाडी पुळणीत घालू नका. वेल दिसली की बाजूने जा. चार पावलं जास्त पडतील, पडू देत.