चारित्र्यहनन की अब्रुनुकसानी?

'ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माझ्या वडिलांचे चारित्र्यहनन झाले,' असे जालन्यातील आमच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते. आम्ही तो शब्द तांबड्या शाईने खोडून वर 'अब्रुनुकसानी' असे लिहिले. चारित्र्य मनुष्य स्वतःच्या आचरणाने घडवितो. त्याचे हनन करावयाचे तर ते ज्याचे त्यानेच करावे लागते. दुसऱ्याच्या जिभेची धाव अब्रूपर्यंतच. अब्रू हा शब्द मूळचा फार्शी. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. मोत्याला जसे पाणी तशी मुखाला अब्रू. मात्र ती नांदते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. (तिची बहीण 'इभ्रत' आपण प्रतिष्ठा या अर्थाने वापरतो, उर्दूत तोच शब्द धडा या अर्थाने चालतो!)

विद्यार्थी वही घेऊन परत आला. म्हणाला, "सर, नुकसानी म्हटली की ती भरून मिळते असे वाटते. वडिलांनी मोंढ्यात जाणेच सोडले आहे."

ती भरून मिळते काय? कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी केला होता. त्यास आधार असलेली पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी माफी मागितली. तरीही १८८२ साली त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांचा हेतु शुद्ध होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु शुद्ध हेतूने बनावट पत्र खरे होत नाही, आणि थोर पुरुषांविषयीच्या आदरापोटी आपण हे बोलावयाचे टाळतो. निवाडा बर्व्यांच्या बाजूने लागला; अब्रू मात्र वाढली ती शिक्षा भोगणाऱ्यांची. खटला जिंकलेल्या त्या गृहस्थाचे नाव आज बहुतेकांस त्या आरोपामुळेच ठाऊक आहे!

१८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेने घेतली. अब्रुनुकसानीबद्दल आता कैद व दंड यांखेरीज समाजसेवेचीही शिक्षा देता येते. परंतु मोंढ्यातील माणसांच्या नजरा कोणते कलम फिरविणार?

आम्ही 'अब्रुनुकसानी'ही खोडली. वर काय लिहावे, ते सुचेना. वही अजून मेजावर पडली आहे.