लाज कशाची धरायची, ते एकदा ठरवा

मान वर करा. तुम्ही विशी-तिशीतले बाप्ये आहात. वादळात बोट किनाऱ्याला लावता, परक्या माणसाचा हात धरून त्याला समुद्राच्या तळाशी नेऊन आणता, घर पोसता. आणि लघवीला जळजळ होते एवढं सांगायला तुमचं तोंड उघडत नाही? विचारलं तर एकच उत्तर, ‘काय नाय ओ सर, उष्णता झाली.’ दाराआड कण्हायचं, मोबाइलवर भलतंसलतं वाचून घाबरायचं आणि थंडी वाजून ताप चढला की आईने रिक्षात घालून न्यायचं. पुरे झाला हा पोरकटपणा. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

पहिली चूक पाण्याची. मालवणच्या जेटीवरून तुम्ही रोज माणसं सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेता. दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवता. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध हे गोडं पाणी आहे, असं छाती फुगवून सांगता. किल्ला राखायला पाणी लागतं हे तुम्हाला पाठ आहे, मग देह राखायला लागत नाही का? एप्रिलच्या उन्हात तारकर्ली-देवबागला दिवसभर बोटीवर उभे, पोटात दोन चहा आणि एक थंड बाटली. पाणी प्यायलो तर लघवीला कुठे जाणार, म्हणून पाणीच प्यायचं नाही! आणि लागली तरी तासन्‌तास दाबून धरायची.

मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलीलीटर लघवी मावते. दीड-दोनशे जमली की पहिली सूचना येते. ती सूचना रोज डावलली तर लघवी आत साचून राहते आणि जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पाणी कमी पडलं की लघवीतले क्षार घट्ट होऊन त्यांचे खडे बनतात. दिवसाला निदान दोन-अडीच लीटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी तीन लीटर पाणी, आणि घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त. आउटबोर्ड इंजिन सुरू केलं की मागून पाण्याची धार पडते का, हे तुम्ही आधी बघता. न पडली तर तिथल्या तिथे इंजिन बंद करता. तीच नजर स्वतःच्या लघवीकडे असू द्या. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, चहासारखी दिसली तर पाणी प्या; पाणी पिऊनही तशीच राहिली तर दवाखाना गाठा. जेटीवर स्वच्छ मुतारी नसेल तर नगरपरिषदेत, ग्रामपंचायतीत जाऊन ती मागा. हक्काची गोष्ट मागायला कसली आलीय लाज?

आता मुतखडा. कमरेच्या बाजूने जांघेपर्यंत कळ उतरते आणि माणूस गडाबडा लोळतो. तुम्ही काय करता? कोणीतरी सांगतं, बिअर पी, खडा पडेल. म्हणून गोव्याच्या हद्दीपलीकडे जाऊन पिऊन येता. अरे, बिअरने घटकाभर लघवी जास्त होते आणि मग शरीर आणखी कोरडं पडतं. शिवाय युरिक ॲसिड वाढतं ते वेगळंच. कुळथाची पिठी जरूर खा, ती आपलं अन्न आहे. पण एक सेंटीमीटरचा खडा पिठीने विरघळत नाही. पाच मिलीमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, मोठे अडकतात. कोणता खडा कुठे आहे, हे सोनोग्राफीशिवाय कळायचं कसं? जेवणातलं मीठही कमी करा. सुकट, खारे बांगडे, लोणचं रोज ताटात असलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि त्याचेच खडे होतात. दूध मात्र सोडू नका.

दुसरी चूक याहून गंभीर. मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात ‘लघवीची गोळी’ मागता. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगण्यासाठी. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फेकता. जंतू अर्धे मरतात, उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. पुरुषाचा मूत्रमार्ग जवळजवळ वीस सेंटीमीटर लांब, बाईचा चारेक. म्हणून तरुण पुरुषाला लघवीचा संसर्ग सहसा होत नाही. झालाच, तर त्यामागे खडा, अडथळा, प्रोस्टेटची सूज किंवा लैंगिक संबंधातून आलेला आजार असू शकतो. तो शोधायला हवा. त्यासाठी गोळी सुरू करण्याआधी लघवीची तपासणी आणि कल्चर करा.

हो, लैंगिक संबंधातून आलेला. ऐकताना कानावर हात ठेवू नका. गनोरियात काही दिवसांतच जळजळ सुरू होते, पू येतो. क्लॅमिडियाला आठवडे लागतात आणि कित्येकदा तो काहीच जाणवू देत नाही. स्वतः गुपचूप गोळी घ्यायची आणि बायकोला काही सांगायचं नाही, हा तिच्यावर उघड अन्याय आहे. तिचं गर्भाशय, तिची होणारी मुलं यांचं नुकसान होतं. उपचार दोघांनी घ्यायचे असतात. शासकीय रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतात, आणि 1097 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. निरोध वापरायला कोणी तुम्हाला अडवलं नाही.

तिसरी चूक, भिंतीवरच्या जाहिरातींवर विश्वास. लघवी पांढरट दिसली की धातू गेला म्हणून हजारो रुपये भोंदूच्या हातात देता. बहुतेक वेळा ते फॉस्फेटचे निरुपद्रवी क्षार असतात. ज्या गोष्टीला घाबरायला हवं, तिच्याकडे मात्र बघत नाही. धार बारीक झाली, दोन ठिकाणी फुटू लागली, जोर लावावा लागतो, तर मूत्रमार्ग आकसला असेल. जुन्या गनोरियाने आकसतो, आणि बोटीच्या काठावर घसरून अवघड जागी मार लागल्यानेही. रात्री चार-चार वेळा उठता, तहान शमत नाही, वजन उतरतंय, तर साखर तपासा.

आणि पावसाळा. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून अनवाणी शेतात उतरता, पायाला जखम तशीच. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची लक्षणं, आणि लघवी कमी होणं ही मूत्रपिंडावर घाला पडल्याची खूण. तेव्हा दुखण्याची गोळी खाऊन झोपू नका. प्रतिबंधाच्या गोळ्या घ्यायच्या का, हे आरोग्य केंद्रात आधीच विचारा.

चार गोष्टींना सकाळ उजाडायची वाट बघायची नाही. लघवी पूर्ण अडली. कमरेच्या कळेबरोबर थंडी-ताप आला. न दुखता का होईना, लघवीतून रक्त गेलं. अंडकोषात एकाएकी असह्य कळ आली. ही शेवटची कळ पीळ पडल्याची असू शकते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो अंडकोष वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.

ज्याला त्रास आहे त्याने या आठवड्यात मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढायचा. गरज पडली तर ते ओरोसला पाठवतील, त्याहून पुढे बांबोळीला. डॉक्टरसमोर बसून नीट सांगायचं: कधीपासून, जळजळ किती, धार कशी, रंग कसा, ताप आहे का, संबंध कोणाशी आला. काही लपवायचं नाही. आजारी पडण्यात कमीपणा नाही. आजार लपवून घरच्यांना गोत्यात आणण्यात आहे. ज्याला त्रास नाही, त्याच्यासाठीही काम आहे. मित्र हे सांगू लागला तर हसायचं नाही. त्याच्याबरोबर दवाखान्यात जायचं. तुम्ही हसलात, तो गप्प बसला आणि त्याचं मूत्रपिंड गेलं, तर त्या पापात तुमचाही वाटा धरीन मी.